मोटारीचा जन्मभराचा जमाखर्च

संसारांत कोणतीहि मोठी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे सुज्ञ गृहस्थ तिची किंमत विचारून थांबत नाहीं. ती वापरावयास काय खर्च येईल, ती किती दिवस टिकेल आणि मोडीस निघाल्यावर तिचें काय होईल, याचाहि तो विचार करतो. पितळेचें भांडें घेतांना महाग पडलें तरी पुढें त्याला मोड येते, हें आपल्या घरांतील वडील स्त्रियांना कोणी शाळेंत शिकविलें नव्हतें. हीच दृष्टि मोटारीच्या एका निराळ्या खर्चाला लावण्याची वेळ आतां आली आहे. हा खर्च दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेला नसतो. तो हवेवर, पाण्यावर आणि जमिनीवर पडतो, आणि त्याचें देणें आपल्या नातवंडांच्या खात्यावर चढत जातें.

हल्लीं पुष्कळ घरांतून या प्रश्नावर वाद चाललेले दिसतात. आजोबांचें म्हणणें असें कीं, बारा वर्षांची जुनी पेट्रोलची गाडी अजून सुरळीत चालते, ती मोडीत काढणें हीच उधळपट्टी होय. कॉलेजांत जाणारी नात म्हणते कीं, विजेच्या मोटारीवांचून आतां गत्यंतर नाहीं. मधल्या पिढीचे गृहस्थ दोहोंच्या मध्यें पडून पेट्रोल व वीज या दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीकडे बोट दाखवितात. शेजारचे एक हितचिंतक येऊन सांगतात कीं, विजेच्या गाडीची बॅटरी बनवितांनाच इतकी घाण होते कीं तिच्यापेक्षां धूर सोडणारी गाडी बरी. प्रत्येकाच्या बोलण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु अंशांची बेरीज केल्यावांचून निर्णय होत नाहीं. ती बेरीज कशी करावयाची, हेंच या महिन्याच्या लेखांत पाहावयाचें आहे.

मोटारीच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. पहिला जन्माचा. खाणींतून लोखंड, ॲल्युमिनियम, तांबें इत्यादि धातु काढणें, त्यांचा रस करणें, सुटे भाग घडविणें, रंग देणें व ते सर्व जोडणें, यांत जो कोळसा, तेल व वीज जळते ती सर्व या खात्यावर मांडली पाहिजे. दुसरा भाग चालण्याचा. त्यांत टांकींत घातलेलें पेट्रोल तर येतेंच, पण तें पेट्रोल विहिरींतून काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्चहि येतो. तिसरा भाग मरणाचा, म्हणजे गाडी भंगारांत निघाल्यावर तिच्या धातूंचें व बॅटरीचें काय होतें तो. हे तिन्ही भाग एकत्र मांडून त्यांना गाडीनें जन्मभर तोडलेल्या किलोमीटरांनीं भागावयाचें. रीत एवढीच आहे. परंतु यांतील एखादें गृहीत जरा इकडचें तिकडे केलें कीं उत्तर पार उलटें होतें.

याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील सीएन्‌डब्ल्यू नांवाच्या एका बाजारपेठ-संशोधन संस्थेनें २००६ सालीं असें जाहीर केलें कीं, टोयोटाच्या प्रियस या काटकसरी हायब्रिड गाडीपेक्षां हमर जातीची अवजड गाडी जन्मभराच्या हिशेबानें कमी ऊर्जा खाते. बातमी मोठी चमत्कारिक, म्हणून ती जगभर पसरली. पुढें जाणत्यांनीं आंकडे उलगडून पाहिले, तेव्हां युक्ति उघडकीस आली. प्रियसचें आयुष्य अवघें १,०९,००० मैल धरलें होतें, आणि हमर घराण्यांतील सर्वांत मोठ्या गाडीचें ३,७९,००० मैल. शिवाय नव्या यंत्राच्या संशोधनाचा सारा भार त्या यंत्राच्या पहिल्या गाड्यांवर टाकला होता. एका भावाला पस्तीस वर्षांची नोकरी आणि दुसऱ्याला दहा वर्षांची असें धरून मासिक बचतीची तुलना करावी, तसा हा प्रकार. वस्तुतः इतर अभ्यासांतून वारंवार दिसून आलें आहे कीं, पेट्रोलच्या मोटारीच्या जन्मभराच्या ऊर्जेंतील फार मोठा वांटा ती चालविण्यांत जातो, घडविण्यांत नव्हे.

त्याच सुमारास दुसरीहि एक कथा फिरत होती. कॅनडांतील सडबरी येथील निकेलच्या खाणींनीं भोंवतालचा प्रदेश चंद्राच्या पृष्ठभागासारखा उजाड केला, आणि तें निकेल प्रियसच्या बॅटरींत जातें, म्हणून प्रियस पापी ठरली. आतां सडबरीचें रान ओसाड झालें होतें हें खरें. परंतु तें गंधकाच्या धुरानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ओसाड होत आलें होतें, आणि प्रियस जपानांत प्रथम विकावयास आली ती १९९७ सालीं. दरम्यान १९७८ पासून तेथें झाडें लावून ती भूमि हिरवी करण्याचें कामहि सुरू झालें होतें. नातवाच्या जन्मापूर्वीं पणजोबांनीं केलेलें कर्ज नातवाच्या नांवावर लिहावें, तसेंच हें झालें. या दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या म्हणजे शेजारच्या हितचिंतकांचें बोलणें ऐकतांना आपण अधिक सावध राहूं.

आतां आपणच एक मध्यम आकाराची गाडी घेऊन हिशेब मांडूं. पेट्रोलचा एक लिटर जळला म्हणजे सुमारें २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड वायु हवेंत जातो. लिटरभर पेट्रोलाचें वजन पाऊण किलो, मग त्यांतून सव्वादोन किलोंहून अधिक वायु कसा निघतो, असें कित्येकांना वाटतें. उत्तर सोपें आहे. पेट्रोलांतील कर्बाच्या १२ भारांबरोबर हवेंतील प्राणवायूचे ३२ भार संयोग पावतात, म्हणून वजन वाढतें. तेल काढणें, वाहून आणणें व शुद्ध करणें यांचा सुमारें पंचमांश त्यांत मिळविला कीं आंकडा पावणेतीन किलोंपर्यंत जातो. गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असें धरलें, तर दर १०० किलोमीटरांस सुमारें साडेअठरा किलो वायु होतो. गाडी आयुष्यांत दीड लाख किलोमीटर चालली तर सुमारें २८ टन. ती घडवितांना साधारण ६ टन वायु सुटतो असें धरूं. म्हणजे एकूण ३४ टन. दहा हजार लिटर, अर्थात् साडेसात टन वजनाचें पेट्रोल, या एका गाडीनें जन्मभरांत पिऊन टाकलें, हेंहि याच हिशेबांतून निघतें.

डिझेलच्या लिटरांतून सुमारें २.७ किलो वायु निघतो. परंतु डिझेलची गाडी लिटरला अधिक अंतर जाते, म्हणून या एका बाबतींत ती पेट्रोलपेक्षां किंचित् सरस ठरते. तिचा दोष निराळा. तिच्या धुरांतील काजळी आणि नत्राचे प्राणिद वायु माणसाच्या फुप्फुसांना घातक असतात. २०१५ सालीं फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या परीक्षेच्या वेळीं स्वच्छ आणि रस्त्यावर मळकट असतात हें उघडकीस आलें, आणि सुमारें १ कोटि १० लाख गाड्यांत तशी योजना बसविल्याचें कंपनीला कबूल करावें लागलें. सीएन्‌जी म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायु. तो जळतांना पेट्रोलपेक्षां कमी कार्बन डाय-ऑक्साइड देतो आणि काजळी तर फारच थोडी. म्हणूनच दिल्लींत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानें बसगाड्या त्यावर नेल्या गेल्या. परंतु हा वायु मुख्यत्वें मिथेन असल्यामुळें नळांतून व टांक्यांतून जो कांहीं न जळतां निसटतो, तो पृथ्वीला तापविण्यांत शंभर वर्षांच्या हिशेबानें कार्बन डाय-ऑक्साइडच्या अठ्ठावीस पट समर्थ आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलची गोष्ट आपल्या महाराष्ट्राला जवळची. २०२५ पर्यंत देशांतील पेट्रोलांत शेकडा २० इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. इथेनॉल उसापासून झालें तर त्यांतील कर्ब उसानें हवेंतूनच घेतलेला असतो, हा मोठा गुण. पण लिटरमागें त्याची उष्णता पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी, आणि ऊस किती पाणी पितो हें मराठवाड्यांतील शेतकऱ्याला सांगावयास नको. एका खात्यांतील बचत दुसऱ्या खात्यांत खर्च म्हणून दिसते, तें असें.

आतां विजेची मोटार पाहूं. ही कल्पना नवी नाहीं. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील मोटारींपैकीं सुमारें एक तृतीयांश विजेवर चालत. पुढें पेट्रोल स्वस्त झालें, हातानें दांडा फिरविण्याचा त्रास टळला, आणि त्या मागें पडल्या. त्यांचें पुनरागमन लिथियमच्या बॅटरीमुळें झालें. ही बॅटरी म्हणजेच विजेच्या गाडीच्या जन्माचा जास्तीचा खर्च. तिचा आंकडा किती, यावर बराच गोंधळ झालेला आहे. स्वीडनमधील आय्‌व्हीएल् या पर्यावरण-संशोधन संस्थेनें २०१७ सालीं असा अंदाज दिला कीं, एक युनिट वीज सांठविणारी बॅटरी घडवितांना १५० ते २०० किलो वायु सुटतो. हा आंकडा विजेच्या गाडीच्या विरोधकांनीं जगभर नाचविला. त्याच संस्थेनें कारखान्यांची नवी माहिती घेऊन २०१९ सालीं तो ६१ ते १०६ किलोंवर आणला. ही दुसरी बातमी मात्र पहिलीइतकी पसरली नाहीं. आपण १०० किलो धरूं, म्हणजे विजेच्या गाडीला उगीच झुकतें माप दिल्याचा आरोप येणार नाहीं. ३० युनिटांच्या बॅटरीस ३ टन झाले. म्हणजे जन्मतःच विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षां ३ टनांनीं कर्जबाजारी असते. येथपर्यंत शेजारचे गृहस्थ खरें बोलतात. पण मूल जन्मतांना झालेल्या खर्चावरून त्याच्या साऱ्या आयुष्याचा खर्च ठरत नाहीं.

ही गाडी घरच्या मीटरवरून १०० किलोमीटरांस सुमारें १४ युनिट घेते असें धरूं. तारांतून येतांना कांहीं वीज वाटेंतच नाश पावते, म्हणून विद्युत्‌केंद्रांत साडेसोळा युनिट निर्माण करावीं लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षीं जो आंकडा प्रसिद्ध करतें त्याप्रमाणें अलीकडच्या वर्षांत भारतांतील विजेच्या दर युनिटामागें सरासरी ०.७ किलोंहून किंचित् अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. गुणाकार केला तर १०० किलोमीटरांस १२ किलो येतात. पेट्रोलच्या गाडीचे साडेअठरा होते. फरक साडेसहा किलोंचा. या फरकानें बॅटरीचें ३ टनांचें कर्ज फिटावयास सुमारें ४६,००० किलोमीटर लागतील. वर्षाला १५,००० किलोमीटर हिंडणारा गृहस्थ तें तीन वर्षांत फेडील. केवळ ५,००० किलोमीटर चालविणाऱ्यास नऊ वर्षें लागतील. दीड लाख किलोमीटरांचा हिशेब केला तर घडण ६ टन, बॅटरी ३ टन व वीज १८ टन, एकूण २७ टन. पेट्रोलचे ३४ टन होते. म्हणजे शेकडा वीसची बचत.

आपला हा ओबडधोबड हिशेब कितपत विश्वासार्ह आहे, हें ताडून पाहण्यास साधन आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन या संस्थेनें २०२१ सालीं चार प्रदेशांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वर्षीं रस्त्यावर आलेली मध्यम आकाराची विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षां जन्मभरांत युरोपांत शेकडा ६६ ते ६९ नें, अमेरिकेंत ६० ते ६८ नें, चीनमध्यें ३७ ते ४५ नें आणि भारतांत १९ ते ३४ नें कमी वायु सोडील, असा त्याचा निष्कर्ष आहे. गाडी तीच, बॅटरी तीच; फरक पडला तो विजेच्या माहेरामुळें. नॉर्वे देशांत जवळजवळ सारी वीज धबधब्यांची, म्हणून तेथें २०२४ सालीं विकलेल्या नव्या मोटारींपैकीं शेकडा ८९ विजेच्या असल्या तरी त्यांच्यामागें कोळशाचा धूर निघत नाहीं. आपल्याकडे खोपोलीस १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्‌केंद्र सुरू झालें, कोयनेनें पुढें मोठी भर घातली. तरीहि महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा ठिकाणच्या कोळशावर अवलंबून आहे. पुण्याच्या रस्त्यावर जी गाडी निःशब्द व निर्धूर धांवते, तिचा धूर चंद्रपूरच्या आकाशांत निघत असतो. डेक्कनवरील मुलाचा श्वास स्वच्छ झाला ही गोष्ट चांगलीच; पण चंद्रपूरच्या मुलालाहि फुप्फुसें असतात, हें विसरून चालणार नाहीं.

हायब्रिड गाडीचा विचार आतां करूं. ती ब्रेक दाबतांना वाया जाणारी शक्ति लहानशा बॅटरींत सांठविते व ती पुन्हां वापरते. ती लिटरला २२ किलोमीटर गेली तर १०० किलोमीटरांस सुमारें साडेबारा किलो वायु होतो, म्हणजे आजच्या भारतीय विजेवर चालणाऱ्या गाडीच्या जवळजवळ बरोबर. शिवाय मोठ्या बॅटरीचा भार तिच्यावर नाहीं. म्हणून मधल्या पिढीच्या गृहस्थांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. मात्र भिंतींतून वीज घेणारी जी प्लग-इन हायब्रिड असते, तिची गोष्ट वेगळी. ती रोज न चुकतां विजेनें भरली तरच तिचा उपयोग. युरोपीय कमिशननें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें अशा गाड्या प्रत्यक्षांत कागदावरील आंकड्यांच्या सुमारें साडेतीन पट वायु सोडतांना आढळल्या. कारण मालक पेट्रोलच भरतात आणि तार डिकींत गुंडाळून ठेवतात. उपासाचें व्रत घेऊन दोन्ही वेळ जेवावें, त्यांतलाच हा प्रकार.

मग हायब्रिड व विजेची गाडी सारख्याच म्हणावयाच्या काय? येथें काळाचा विचार करावा लागतो. पेट्रोलवरची कोणतीहि गाडी जन्मतः जशी असते त्याहून पुढें स्वच्छ होत नाहीं. झाली तर मळकट होते. विजेची गाडी मात्र ज्या तारेला जोडलेली असते ती तार जसजशी स्वच्छ होईल, तसतशी तीहि स्वच्छ होते. जून २०२५ मध्यें भारतांतील विद्युत्‌केंद्रांच्या एकूण शक्तींतील अर्धा वांटा कोळसा-तेलाशिवायच्या साधनांचा झाला. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेंत कोळशाचा भाग अद्याप सुमारें तीन चतुर्थांश असला (कारण सूर्य रात्रीं मावळतो आणि वारा पडतो), तरी वाट कोणत्या दिशेनें चालली आहे हें स्पष्ट आहे. गाडीच्या आयुष्यांत दर युनिटामागचा सरासरी आंकडा अर्ध्या किलोवर आला, तर तिचा जन्मभराचा हिशेब २७ टनांवरून सुमारें २१ टनांवर येईल, आणि २५ टनांची हायब्रिड मागें पडेल. ज्या घराच्या गच्चीवर सौरपट आहेत, त्या घरीं तर एका युनिटामागें, पट घडविण्याचा खर्च धरूनहि, ०.०५ किलोंच्या आसपास वायु पडतो. अट एकच, गाडी दिवसां भरावी. रात्रीं भरलेली वीज गच्चीवरची नसते, चंद्रपूरचीच असते.

आतांपर्यंत आपण एकाच वायूचा जमाखर्च लिहिला. परंतु खतावणींत आणखीहि पानें आहेत. जगांतील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टापैकीं दोन तृतीयांशांहून अधिक आफ्रिकेंतील कांगो देशांत निघतो, आणि तेथील हातखाणींतून लहान मुलें राबतात हें ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनें २०१६ सालीं जगासमोर मांडलें. चिलींतील अटाकामाच्या वाळवंटांत लिथियमसाठीं खारें पाणी उपसून उन्हांत आटवितात. त्या कोरड्या देशांत पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा. हे दोष झांकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पण पेट्रोलची पाटी कोरी आहे असेंहि नव्हे. २०१० सालीं मेक्सिकोच्या आखातांत तेलविहिरीचा स्फोट होऊन ११ कामगार मेले आणि कित्येक आठवडे समुद्रांत तेल वाहत राहिलें. शिवाय एक मूलभूत भेद आहे. पेट्रोल एकदां जळलें कीं संपलें. बॅटरींतील धातु गाडी मेल्यावरहि शिल्लक असतो व पुन्हां वापरतां येतो. भारतांत २०२२ सालच्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. लोह आणि फॉस्फेट यांच्या ज्या बॅटऱ्या हल्लीं पुष्कळ गाड्यांत बसवितात, त्यांत कोबाल्ट व निकेल मुळींच नसतें. म्हणून दुकानांत रंग व गाणीं वाजविण्याचें यंत्र यांची चौकशी करण्यापूर्वीं, बॅटरी कोणत्या जातीची व तिची हमी किती वर्षांची, हें विचारावें. चाकांच्या रबराची झीज मात्र कोणत्याच गाडीला चुकली नाहीं. उलट गाडी जितकी जड तितकी ती अधिक.

राहिला आजोबांचा प्रश्न. जुन्या गाडीची घडण होऊन गेली आहे. तो खर्च आतां परत मिळत नाहीं. नवी विजेची गाडी घेतली तर घडण व बॅटरी मिळून ९ टन नव्यानें पडतात. साडेसहा किलोंच्या फरकानें ते फिटावयास सुमारें १,३८,००० किलोमीटर लागतील. घरची गाडी वर्षाला चार-पांच हजार किलोमीटर, म्हणजे देवदर्शन, लग्नकार्य आणि दवाखाना एवढीच चालत असेल, तर हें कर्ज पंचवीस वर्षांतहि फिटणार नाहीं. अशा घरीं आजोबाच बरोबर आहेत. गाडीची निगा राखावी, चाकांत हवा नीट भरावी, आणि ती मरेपर्यंत वापरावी. मात्र दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या आधींच्या गाड्यांचा, विशेषतः डिझेलच्या गाड्यांचा, धूर अधिक विषारी असतो. दाट वस्तींत रोज हिंडणाऱ्या गाडीला हें कारण पुरेसें आहे. आणि विकलेली जुनी गाडी नाहींशी होत नाहीं, ती दुसऱ्याच्या दारांत उभी राहते. म्हणून गाडी विकून पुण्य लागलें असें समजूं नये.

ज्यांना रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जावें लागतें, आणि गाडी घ्यावयाचीच आहे, त्यांनीं नातीचें ऐकावें. वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीस विजेचा मार्ग आजहि लाभाचा आहे, आणि दरवर्षीं अधिक लाभाचा होत जाईल. ज्यांचा प्रवास लांबचा, आडगांवचा, आणि वाटेंत वीज भरण्याची सोय नाहीं, त्यांना हायब्रिड योग्य. परंतु या तिघांनाहि लागू पडणारी एक गोष्ट कोणत्याच जाहिरातींत नसते. गाडी कशावर चालते याच्याइतकेंच ती केवढी आहे आणि तींत किती माणसें बसतात, याला महत्त्व आहे. दोन टनांच्या विजेच्या गाडींत एकट्यानें बसून भाजी आणावयास जाणारा गृहस्थ लहान पेट्रोलच्या गाडींतून चौघांना नेणाऱ्यापेक्षां पृथ्वीवर अधिक भार घालतो. आपलें पेट्रोलच्या गाडीचें साडेअठरा किलोंचें माप चौघांत वांटलें कीं माणशीं साडेचार किलोंच्या आसपास येतें. आणि चौघे मिळून जाण्याला नवी गाडी लागत नाहीं, फक्त एकमेकांची वेळ सांभाळावी लागते. एकत्र कुटुंबाला ही विद्या परकी नसावी.

आणि याहून स्वस्त माप आपल्या दारावरून रोज जातें. डिझेलची एस्. टी. लिटरला चार किलोमीटर जाते आणि तींत चाळीस उतारू बसतात असें धरलें, तर १०० किलोमीटरांस माणशीं २ किलो वायु पडतो. वरच्या सर्व हिशेबांतील कोणतीहि मोटार, एकटा मनुष्य तींत बसला असतां, याच्या जवळपासहि येत नाहीं. आपल्या राज्याची पहिली एस्. टी. गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, या मार्गावर धांवली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजीं महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ गाडी सुरू झाली. ज्या कुटुंबांना मोटार घेण्याचें सामर्थ्य आहे त्यांनीं एस्. टी. कडे पाठ फिरविली, कीं थांबा मोडका राहतो, फेऱ्या कमी होतात, आणि ज्याला दुसरें साधनच नाहीं तो उन्हांत तिष्ठत उभा राहतो. सुस्थितींतील लोक जिच्यांतून प्रवास करतात तिचीच दाद सरकारदरबारीं लागते.

म्हणून गाडी घ्यावयाची तर हिशेब करून, लहान, व पुष्कळ वर्षें टिकेल अशी घ्यावी. आहे ती चांगली असेल तर राखावी. आणि आठवड्यांतून दोन प्रवास तरी तिच्याशिवाय करून पाहावे. वाचकांनीं आपल्या गाडीचे गेल्या वर्षाचे किलोमीटर, भरलेलें पेट्रोल आणि तींत बसलेल्या माणसांची सरासरी संख्या एका कागदावर मांडावी. घरांतील शाळकरी मुलांकडून तो गुणाकार करवून घ्यावा. त्या कर्जाची फेड ज्यांना करावयाची आहे, त्यांच्याच हातानें तो आंकडा लिहिला जाणें योग्य होईल.